उतारवयात सीपॅप: मास्क पहाटेपर्यंत चेहऱ्यावर राहावा म्हणून

झोपेत श्वास थांबण्याच्या आजारावर, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियावर, मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र घरी आल्यानंतर पहिल्या महिन्यात बहुतेकांचे घोडे एकाच ठिकाणी अडते. रात्री झोपताना मास्क लागतो, दोन-अडीचला लघवीला उठताना निघतो आणि मग सकाळपर्यंत उशाशी पडून राहतो. यंत्रात चार तासांची नोंद होते. घरच्यांना वाटते उपचार चालू आहेत. प्रत्यक्षात अनेकांचा श्वास सर्वात जास्त ज्या वेळी थांबतो, तोच वेळ उपचाराविना जातो. साठी-सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा सीपॅप लावणाऱ्यांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी मास्कची निवड, बिछान्याजवळची मांडणी आणि रात्रीचा क्रम या तिन्ही गोष्टी ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून ठरवाव्यात.

आधी थोडक्यात आजाराविषयी. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि जिभेमागची वाट मिटते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. मेंदू क्षणभर जागा करतो, घुसमटल्यासारखा आवाज येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की एक अ‍ॅप्निया धरतात. तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र.

सीपॅप यंत्र खोलीतलीच हवा गाळून घेते आणि थोड्या दाबाने नाकात सोडते. त्या दाबाने घशाची वाट आतून उघडी राहते. हे यंत्र ऑक्सिजन तयार करते, हा गैरसमज फार जणांचा असतो; ते तसे करत नाही. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रथम प्रसिद्ध केली. आजच्या यंत्रांचा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका ठेवता येतो. एकच ठरावीक दाब देणारी यंत्रे असतात, तशी गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारीही असतात.

"या वयात आता कशाला?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. ६५ वर्षांवरील रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीपॅपने दिवसाची झोपाळू अवस्था कमी झालेली दिसली. म्हातारपणी दुपारी पेपर वाचता वाचता डुलकी लागणे हे वयाचेच लक्षण असते असे नाही.

चार तास पुरतात का?

चार तासांचा आकडा विमा आणि पाठपुराव्याच्या नियमांतून रूढ झाला आहे. रात्री किमान ४ तास आणि ७० टक्के रात्री, म्हणजे वापर नियमित, असा तो निकष. ती खालची पायरी आहे. स्वप्ने पडतात ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू अगदी ढिले पडतात, त्यामुळे श्वास थांबण्याचे प्रमाण अनेकांत तेव्हाच सर्वाधिक असते आणि ऑक्सिजनही तेव्हाच जास्त खाली जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ‘सेव्ह’ चाचणीत, ज्यांना हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता अशा लोकांमध्ये, सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. त्या चाचणीतला सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. निष्कर्ष वाचताना हा आकडा विसरून चालत नाही.

रात्री लघवीला उठण्यामागेही बऱ्याचदा हाच आजार असतो. घसा मिटलेला असताना छाती जोर लावून हवा ओढू पाहते. छातीत ऋण दाब तयार होतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि हृदय असे संप्रेरक सोडते की मूत्रपिंडे जास्त लघवी बनवू लागतात. त्यामुळे मास्क नीट बसून श्वास सुरळीत झाला की रात्रीच्या फेऱ्या पुष्कळांच्या कमी होतात. तीनाची एक फेरी झाली तरी झोप लागोपाठ मिळू लागते. प्रोस्टेट किंवा मधुमेह असेल तर ते कारण वेगळे तपासावे लागते.

पहिली पायरी: यंत्र सुरू करण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचे

उतारवयात एकटा स्लीप अ‍ॅप्निया क्वचितच येतो, म्हणून या गोष्टी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगाव्यात.

हृदयाची पंपिंग क्षमता कमी असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर मेंदूकडूनच श्वासाचा आदेश न येणारा सेंट्रल अ‍ॅप्निया असू शकतो. त्याचे उपाय वेगळे असतात. एएसव्ही नावाचे एक प्रगत यंत्र आहे. हृदय निकामी होत असून पंपिंगचा आकडा ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि प्रामुख्याने सेंट्रल अ‍ॅप्निया असलेल्या रुग्णांत त्याने धोका वाढल्याचे २०१५ साली दिसून आले. त्यामुळे ओळखीच्या कोणाचे ‘चांगले’ यंत्र परस्पर वापरणे या वयात जोखमीचे ठरते.

दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार), फुप्फुसात हवा साठून फुगे तयार झालेले असणे, पूर्वी फुप्फुस फुटलेले असणे, डोक्याची किंवा कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया, वारंवार नाकातून रक्त येणे, काचबिंदू. यातले काहीही असेल तर दाब सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते माहीत हवे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा ठरली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सीपॅपबद्दल सांगून मास्क कधीपासून लावायचा ते विचारून घ्यावे.

झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके आणि मद्य घशाचे स्नायू आणखी सैल करतात, श्वासाची ओढही मंद करतात. चालू गोळ्यांची यादी दाखवावी. मात्र वर्षानुवर्षे घेतलेली झोपेची गोळी एका रात्रीत स्वतःहून बंद करू नये.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर थांबा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली बरीच सीपॅप आणि बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारी) यंत्रे परत बोलावली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. त्या काळातले यंत्र असेल तर त्याचा अनुक्रमांक तपासल्याशिवाय वापरू नये. शिवाय जुन्या यंत्रातला दाब आधीच्या माणसासाठी ठरवलेला असतो.

दुसरी पायरी: मास्क

यंत्रापेक्षा मास्कवर जास्त वेळ घालवा. यंत्रे सगळी जवळपास सारखेच काम करतात. उपचार टिकतो की सुटतो ते मास्क ठरवतो.

मुख्य प्रकार तीन. नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या छोट्या उश्या, ज्यांना नेझल पिलो म्हणतात. नाक झाकणारा नेझल मास्क. आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुलफेस मास्क. तोंड उघडे पडते म्हणून थेट फुलफेस देण्याची पद्धत आहे, पण आमचे मत उलटे आहे: नाकाने श्वास घेता येत असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कने करावी. फुलफेसची कड लांब असते, ती जितक्या जास्त जागी टेकते तितक्या जास्त जागी गळते. हनुवटीकडून त्याचा दाब जबड्याला मागे ढकलतो, त्याने काहींचा घसा आणखी अरुंद होतो. नाक कायम चोंदलेले असेल किंवा तोंडाची गळती दुसऱ्या कशानेच थांबत नसेल तर फुलफेस घ्यावाच लागतो.

कवळी हा इथला मोठा मुद्दा. कवळी काढली की ओठ आणि गाल आत बसतात, हनुवटी वर येते आणि दिवसा दुकानात कवळीसह नीट बसलेला मास्क रात्री गळू लागतो. रात्री कवळी काढून झोपत असाल तर माप देतानाही ती काढूनच द्या. दात नसलेल्या चेहऱ्यावर फुलफेस मास्कची खालची कड टिकवणे फार अवघड जाते. तिथे नेझल मास्क किंवा पिलो बरे.

हातांची बोटे आखडलेली असतील तर पट्ट्याचे बक्कल कसे उघडते ते अंधारात, चष्म्याशिवाय करून पाहा. मास्क घालायला थोडा वेळ लागला तर चालेल, पण काढायला एकच हालचाल लागायला हवी. चुंबकाच्या क्लिपा यासाठी सोप्या वाटतात, मात्र पेसमेकर, हृदयाला झटका देणारे यंत्र, मेंदूतली शस्त्रक्रियेची धातूची क्लिप, मेंदूतील जादा पाणी काढणारी नळी (शंट) असा काही शरीरात बसवलेला भाग असेल तर चुंबकाचा मास्क नको. फिलिप्सने २०२२ मध्ये आणि रेसमेड या दुसऱ्या यंत्र-कंपनीने २०२३ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारे दिले आहेत: चुंबक अशा उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हा इशारा लागू होतो. नवराबायकोपैकी दुसऱ्याचा विचार बहुतेक वेळा राहून जातो, म्हणून मुद्दाम सांगतो. चुंबकाशिवायचे मास्क सर्रास मिळतात.

उतारवयात नाकाच्या दांड्यावरची कातडी पातळ असते. तिथे दाबून बसणाऱ्या मास्कने काही रात्रींतच जखम होऊ शकते. नाकाच्या खाली टेकणारी, दांडा मोकळा ठेवणारी कुशन (मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) घेतली तर हा प्रश्नच उरत नाही. चष्मा लावून झोपेपर्यंत वाचायची सवय असेल त्यांनाही तीच सोयीची.

मास्कचे माप असे घ्यावे. चेहरा धुऊन कोरडा करा, क्रीम किंवा तेल लावू नका. तेलाने सिलिकॉन घसरते आणि लवकर खराब होते. पट्टे सगळे सैल करून मास्क चेहऱ्यावर ठेवा, झोपण्याच्या स्थितीत आडवे व्हा, यंत्र सुरू करा आणि मगच पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा. बसलेल्या माणसाचा चेहरा आणि आडव्या माणसाचा चेहरा एक नसतो. हवा सुरू झाल्यावर मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून परत टेकवा, म्हणजे कुशनची पातळ कड हवेने फुगते आणि त्वचेवर सरळ बसते. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सहज जायला हवीत. मग डावीकडे, उजवीकडे कुशीवर होऊन पाहा. गळती आली की पट्टा आवळायचा, ही सर्वात सामान्य चूक. आवळल्याने कुशनची फुगलेली कड चपटी होते आणि गळती वाढते. आधी सैल करून पुन्हा बसवा.

मास्कवर पुढे बारीक छिद्रे असतात, त्यातून सतत हवा निघते. ती गळती नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो, म्हणून ती छिद्रे चिकटपट्टीने किंवा पांघरुणाने कधीही बंद करू नका.

तिसरी पायरी: बिछान्याजवळची मांडणी

यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली, पण जमिनीवर नाही, अशा स्थिर टेबलावर ठेवा. खाली असले की नळीत साचलेले पाणी चेहऱ्याकडे न येता मागे जाते. जमिनीवर ठेवले तर धूळ ओढते आणि पायात येते. हवा आत घेण्याची बाजू पडद्याला किंवा भिंतीला चिकटू देऊ नका.

नळी साधारण १.८ मीटर लांब असते. ती जमिनीवरून न जाता डोक्याच्या वरून यावी अशी सोय करा; पलंगाच्या डोक्याकडच्या पट्टीला एक सैल फास पुरतो. वायर भिंतीच्या कडेने न्या. जिथून उठता त्या बाजूला नळी, वायर, गालिचा यातले काहीही नको. म्हातारपणी रात्री पडून खुब्याचे हाड मोडणे हे अ‍ॅप्नियाइतकेच गंभीर आहे. पायांच्या उंचीवर मंद दिवा रात्रभर चालू राहू द्या.

ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवेत ओलावा घालणाऱ्या भागाच्या, डब्यात डिस्टिल्ड पाणी, वरच्या रेषेपर्यंतच. नळाच्या किंवा नुसत्या उकळलेल्या पाण्यात क्षार राहतात आणि तळाला पांढरा थर धरतो. डबा यंत्रातून बाहेर काढूनच भरा. जागेवर ठेवून भरताना पाणी सांडून मोटारीत गेल्याने यंत्रे बंद पडतात. यंत्र उचलण्याआधीही डबा काढा.

चौथी पायरी: दिवसा सवय, मग रात्र

पहिल्याच रात्री सात तास लावायचा हट्ट धरला की घुसमट बसते आणि मग मास्क डोळ्यांसमोर नको होतो. चार-पाच दिवस दिवसा सराव करा. आधी नुसता मास्क हातात धरून, नळी न जोडता, चेहऱ्याला लावून काढा. पट्टे नकोत. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करून मास्क हातानेच नाकावर धरा आणि तोंड मिटून श्वास घ्या. मग पट्ट्यांसह बसून १५–२० मिनिटे, टीव्ही किंवा रेडिओ चालू ठेवून. त्यानंतर दुपारची झोप त्यातच. मग रात्र. ज्या पायरीवर अस्वस्थ वाटेल तिथून एक पायरी मागे या. दोन दिवस जास्त लागले तर काही बिघडत नाही. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून: यंत्राशिवाय झोपायचे नाही, दुपारीसुद्धा. मास्कशिवायची डुलकी लागली की रात्रीची झोप मोडते आणि मास्कला दोष जातो.

यंत्रात रॅम्प नावाची सोय असते. दाब कमी असताना सुरू होतो आणि ५ ते ४५ मिनिटांत ठरलेल्या आकड्यावर जातो. कारखान्यातून येताना सुरुवातीचा दाब बहुधा ४ असतो. पुष्कळांना, विशेषतः फुलफेस मास्क लावणाऱ्यांना, ४ वर हवा अपुरी वाटते आणि जीव कासावीस होतो. हे मनाचे खेळ नाहीत. डॉक्टरांना सांगून सुरुवातीचा दाब ५–६ पर्यंत वाढवून घ्या. उलट, श्वास सोडताना हवेविरुद्ध झगडावे लागत असेल तर श्वास सोडताना दाब १ ते ३ ने उतरवण्याची सोय चालू करून घ्या.

पाचवी पायरी: रात्रीचा क्रम

झोपण्याच्या अर्धा तास आधी नाक साफ करा, चोंदलेले असेल तर सलाइनचा फवारा मारा. लघवीला जाऊन या. डबा भरलेला आहे ना ते पाहा. चेहरा धुवा. श्रवणयंत्र वापरत असाल तर मास्क लावायच्या आधी काढा, नाहीतर पट्ट्यात अडकून हरवते. मास्क लावून आडवे व्हा, मग यंत्र सुरू करा.

रात्री उठताना मास्क काढायचा नाही. बहुतेक मास्कना नाकापुढे किंवा डोक्यावर नळी चटकन सुटणारा सांधा असतो. तो दाबून नळी सोडा, नळी उशीवर ठेवा, पट्टे आणि मास्क चेहऱ्यावर तसेच राहू द्या. मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उठा. परत आल्यावर नळी जोडा, यंत्र सुरू करा, दाब पुन्हा रॅम्पवरून हळू येईल. मास्क पूर्ण काढला तर तो परत लावायला दिवा, चष्मा आणि दहा मिनिटे लागतात, तोवर झोप उडते आणि "राहू दे आता" होते. हा सांधा उघडण्याचा-जोडण्याचा सराव दिवसा डोळे मिटून दहा-बारा वेळा करा. मास्क घेतानाच हा सांधा तुमच्या बोटांना जमतो का ते पाहा. नाही जमला तर तो मास्क कितीही मऊ असला तरी घेऊ नका. नळी सुटलेली असताना फुलफेस मास्कमधली सुरक्षा झडप उघडते आणि बाहेरची हवा मिळते. तरीही वीज गेली आणि यंत्र बंद पडले तर मास्क लावून झोपून राहू नका.

काय बिघडते आणि का

सकाळी तोंड वाळवंट झालेले असेल, तर ह्युमिडिफायर वाढवण्याआधी तोंडाने हवा निसटते का ते पाहा. नाकातून आलेली हवा तोंडातून बाहेर पडत असेल तर कितीही ओलावा पुरत नाही. आधी नाक मोकळे करा, कुशीवर झोपा, मग हनुवटीचा मऊ पट्टा, शेवटी फुलफेस. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा उपाय ज्येष्ठांसाठी नको. उलटी झाली किंवा नाक अचानक बंद झाले तर जीवावर बेतू शकते. काही रक्तदाबाच्या, अ‍ॅलर्जीच्या आणि लघवीच्या गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते, तेही विचारा.

नळीत गुडगुड आवाज आणि चेहऱ्यावर पाण्याचे थेंब: गरम दमट हवा थंड खोलीतून येताना निवते. ओलावा एक पायरी कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या किंवा गरम होणारी नळी वापरा.

डोळे लाल, कोरडे: मास्कच्या वरच्या कडेतून हवा डोळ्यांवर जाते. मास्क थोडा खाली सरकवा, कपाळाचा किंवा वरचा पट्टा सैल-घट्ट करून पाहा.

पोट फुगणे, ढेकरा: हवा अन्ननलिकेत जाते. दाब जास्त असेल, तोंडाने गळती असेल किंवा आम्लपित्त असेल तर हे जास्त होते. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा आणि दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. दाब स्वतः कमी करू नका, त्याने अ‍ॅप्निया परत येतो आणि घुसमटत हवा गिळणे उलट वाढते.

नाक वाहणे, शिंका: पहिल्या आठवड्यांत थंड कोरड्या हवेने नाक चिडते. गरम ओलावा वाढवा. न थांबल्यास नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टर देतात. नाक मोकळे करणारे औषधी थेंब मात्र ओळीने बरेच दिवस वापरू नका. थोड्याच दिवसांत त्यांनीच नाक जास्त चोंदू लागते.

नाकाच्या दांड्यावर लाल डाग: सकाळी मास्क काढल्यावर अर्ध्या तासात गेला तर ठीक. राहिला, दुखला किंवा कातडी फाटली तर त्याच मास्कने पुढची रात्र काढू नका. मास्कखाली कापडी लायनर (अस्तर) किंवा दुसऱ्या आकाराचा मास्क लावा. मधुमेह असेल तर ही जखम भरायला वेळ लागतो.

झोपेत नकळत मास्क काढला जातो: बहुतेक वेळा गळती, नाक बंद होणे किंवा दाब अपुरा पडणे याने मेंदू जागा होतो आणि हात तिकडे जातो. हट्टीपणा नसतो तो. नळी सुटल्याची सूचना देणारा अलार्म काही यंत्रांत असतो, तो चालू करता येतो.

स्वच्छता

रोज सकाळी कुशन कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, सावलीत वाळवा. डब्यातले उरलेले पाणी ओतून द्या. रात्रीच भरा, जुन्यात नवीन ओतू नका. आठवड्यातून एकदा नळी आणि डोक्याचे पट्टे धुवा, नळी टांगून पूर्ण वाळवा. डब्यात पांढरा थर आला तर एक भाग व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग पाणी यात थोडा वेळ भिजवून धुवा. यंत्राच्या मागचा फिल्टर महिन्यातून एकदा तरी बघा, करडा पडला की बदला. कागदी फिल्टर धुऊन परत लावू नका. ओझोनने साफ करणारी पेटी घेऊ नका. ओझोन श्वासाला हानिकारक आहे, आणि ज्या फोमचा वर उल्लेख आला तोही ओझोनने लवकर झिजतो असे आढळले. कुशन चिकट, धूसर किंवा कडक झाली की ती कितीही धुतली तरी गळणारच, बदला.

बोटे दुखत असतील तर रोजचे धुणे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावे. न धुतलेला मास्क आधी गळतो आणि मग सुटतो.

आकडे वाचणे

यंत्र नोंदवते ते आकडे रोज बघू नका, आठवड्याची सरासरी बघा. तीन आकडे पुरेत: वापराचे तास, गळती आणि एएचआय. उपचारावर असताना एएचआय ५ च्या खाली असावा. गळतीचा आकडा प्रत्येक कंपनी वेगळ्या रीतीने दाखवते. रेसमेडच्या यंत्रांत मास्कच्या छिद्रांची हवा वगळून मिनिटाला २४ लिटरच्या पुढची गळती जास्त धरतात. गळती जास्त असेल तर त्या रात्रीच्या एएचआयवर विश्वास ठेवू नका, आधी मास्क दुरुस्त करा.

काही यंत्रे घसा मिटून थांबलेला श्वास आणि घसा उघडा असताना थांबलेला श्वास वेगळे दाखवतात. दुसऱ्या प्रकारचा आकडा मोठा दिसला, तर तो सेंट्रल अ‍ॅप्निया असू शकतो. उपचार सुरू केल्यावर काहींत तो तात्पुरता दिसतो आणि काही आठवड्यांत ओसरतो, पण हृदयविकार असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना लगेच दाखवावा.

स्मरणशक्ती कमी झाली असेल तर

रोज त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच माणसाने मास्क लावावा. ‘मशीन’ म्हणून धाक दाखवू नये. शांतपणे, समोरून दिसेल असे, आधी हातात देऊन मग चेहऱ्याला लावावे. विरोध झाला तर अर्ध्या तासाने पुन्हा. हात बांधणे किंवा मास्क निघू नये म्हणून पट्टे आवळणे कधीही नको. आणि ही सर्वात महत्त्वाची अट: ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही त्यांना फुलफेस मास्क लावून एकटे झोपवू नये. उलटी झाली तर ती मास्कमध्ये साचून फुप्फुसात जाऊ शकते. उलटी-मळमळ चालू असलेल्या रात्री कोणालाही फुलफेस लावू नका.

सीपॅपला ऑक्सिजन जोडलेला असेल तर क्रम पाठ करा: आधी यंत्र सुरू, मग ऑक्सिजन; बंद करताना आधी ऑक्सिजन, मग यंत्र. उलटे झाले तर बंद यंत्रात ऑक्सिजन साठून आगीचा धोका होतो. खोलीत धूम्रपान, उदबत्ती, मेणबत्ती नको.

कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी दाताची भूल देऊन केलेलीसुद्धा, तर भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्नियाबद्दल सांगा. रुग्णालयात राहायचे असेल तर यंत्र, मास्क आणि दाबाची सेटिंग लिहिलेला कागद बरोबर न्या. भूल आणि वेदनाशामकांनंतरच्या रात्री यंत्राची गरज नेहमीपेक्षा जास्त असते. प्रवासात डबा रिकामा करून यंत्र हातातल्या बॅगेत घ्या.

छातीत दुखणे, यंत्र लावल्यावर श्वास जास्त लागणे, नाकातून न थांबणारे रक्त, कानात तीव्र दुखणे, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव आणि सोबत डोकेदुखी: यातले काही झाले तर यंत्र बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. वजन दहा टक्क्यांच्या आसपास कमी-जास्त झाले, नवी कवळी बसवली, पक्षाघात झाला किंवा दिवसाची झोप पुन्हा वाढली, तर दाब आणि मास्क दोन्ही नव्याने तपासून घ्या. तपासणीला जाताना मास्क आणि यंत्र किंवा त्यातले कार्ड बरोबर न्या, आणि रात्री कितीला उठता, परत आल्यावर मास्क लावता की नाही, ते खरे सांगा.